एपवर्थचा आठवडा : सुझॅना वेस्ली यांची गृहशाळा

गृहशिक्षणाविषयीच्या लेखनात आईचा उल्लेख बहुधा गौरवाने केला जातो. तिने दिवसाचे किती तास, कोणत्या मुलाला, कोणत्या क्रमाने दिले याचा हिशेब मात्र क्वचितच मांडलेला आढळतो. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, एपवर्थ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरात चाललेली शाळा या बाबतीत अपवादभूत आहे. सुझॅना वेस्ली (१६६९–१७४२) यांनी आपल्या मुलांना घरी कसे शिकविले, याची माहिती त्यांच्याच पत्रांतून मिळते. जॉन आणि चार्ल्स हे त्यांचे पुत्र पुढे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. त्यामुळे थोर पुरुष घडविणारे घर म्हणूनच या घराकडे पाहण्याची रीत पडली. प्रस्तुत लेखात या शाळेचा आठवडा कसा चाले हे प्रथम समजावून घ्यावयाचे आहे. त्यानंतर मोठ्या कुटुंबात आईचे लक्ष कसे वाटले जाते आणि त्या वाटणीचे फळ कोणाच्या पदरात पडते, या प्रश्नाकडे वळावयाचे आहे.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

या शाळेची माहिती मुख्यतः दोन पत्रांतून येते. पहिले पत्र ६ फेब्रुवारी १७१२ चे आहे. (त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जुन्या ग्रंथांत त्याचे साल १७११ असे दिसते.) पती सॅम्युएल वेस्ली धर्मसभेच्या कामासाठी लंडनला गेले असता सुझॅनाबाईंनी ते त्यांना लिहिले. दुसरे पत्र २४ जुलै १७३२ चे. मुलांच्या संगोपनात आपण पाळलेले नियम लिहून पाठवावेत, अशी जॉनने विनंती केल्यावरून ते लिहिले गेले. १७४२ साली आईच्या निधनानंतर जॉन वेस्ली यांनी ते आपल्या रोजनिशीत छापून प्रसिद्ध केले.

दोन्ही पत्रांची जातकुळी वेगळी आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. पहिले पत्र घरात शाळा चालू असताना, पतीच्या आक्षेपांना उत्तर देण्याच्या ओघात लिहिले गेले. दुसरे पत्र वीस वर्षांनंतरच्या स्मरणातून उतरले असून ते आपल्यापर्यंत पुत्राच्या संपादनातून पोचले आहे. दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्या पत्रात सापडते, तर आठवड्याची वाटणी पहिल्यात. तेव्हा 'एपवर्थचा आठवडा' ही दोन साधनांची आपण घातलेली सांगड आहे. डोक्यावरून एप्रन ओढून घेऊन गोंगाटातही प्रार्थना करणाऱ्या सुझॅनाबाईंची जी कथा भाविक चरित्रांतून सांगितली जाते, तिला या दोन पत्रांत आधार नाही; म्हणून येथे ती विचारात घेतलेली नाही.

कुटुंब

सुझॅनाबाईंचे वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅन्सली हे प्रस्थापित चर्चच्या बाहेर पडलेले लंडनमधील विद्वान धर्मोपदेशक. त्यांच्या पंचवीस अपत्यांपैकी सुझॅना शेवटची. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तिने स्वतः विचार करून वडिलांचा पंथ सोडला आणि प्रस्थापित चर्च स्वीकारले. ज्या बाईंनी पुढे आज्ञापालनाला एवढे महत्त्व दिले, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १६८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. १६९० ते १७०९ या काळात त्यांना एकोणीस मुले झाली. त्यांपैकी दहा जगली. तीन मुलगे आणि सात मुली. घरात कर्ज कायमचे होते. १७०५ साली सॅम्युएल वेस्ली यांना कर्जापायी लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात राहावे लागले होते.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली आणि सर्वस्व जळाले. पाच वर्षांच्या जॉनला वरच्या मजल्यावरील खिडकीतून बाहेर काढण्यात आले, ही घटना मेथडिस्ट परंपरेत सुप्रसिद्ध आहे. शिक्षणाच्या दृष्टीने त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा ठरतो. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली. नोकरचाकरांत मोकळेपणाने वावरली, रस्त्यावर खेळली, गाणी शिकली, गावंढळ उच्चार उचलून आली. पूर्वीची घडी पार विसकटली होती, असे सुझॅनाबाई नमूद करतात. १७१२ च्या पत्रातील व्यवस्था म्हणजे ही मोडलेली घडी पुन्हा बसविण्याचा प्रयत्न होय. शाळेच्या आरंभी व शेवटी स्तोत्रे गाण्याचा प्रघातही आगीनंतरचाच.

शाळेचा दिवस

सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच अशी सहा तासांची शाळा असे. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याला अक्षरओळख करून द्यावयाची नाही, असा दंडक होता. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी अभ्यास सुरू. त्याच्या आदल्या दिवशी घरातील कामे ज्याची त्याला नेमून दिली जात आणि शाळेच्या वेळात त्या खोलीत कोणीही पाऊल टाकू नये, अशी सक्त ताकीद मिळे. नव्या विद्यार्थ्याला मुळाक्षरांसाठी एकच दिवस मिळे. बहुतेक सर्व मुलांनी ती त्या दिवसात आत्मसात केली. मॉली आणि नॅन्सी यांना दीड दिवस लागला, आणि तेवढ्यावरून आईने त्या वेळी त्यांना मंदबुद्धी ठरविले होते.

दुसऱ्या दिवसापासून क्रमिक पुस्तक न घेता थेट बायबल हाती दिले जाई. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पहिले वचन अक्षरे लावून वाचावयाचे, अडखळणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावयाचे, मग दुसरे वचन. असे करत एका पाठाला दहा वचनांपर्यंत मजल जाई. ज्येष्ठ पुत्र सॅम्युएल फेब्रुवारीत शिकू लागला आणि त्याच वर्षीच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत, तो अख्खा अध्याय नीट वाचू लागला. धाकटी केझी मात्र इतरांच्या आग्रहामुळे पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच शिकावयास बसली. इतरांना जितके महिने लागले त्याहून अधिक वर्षे तिला लागली, असे आई लिहिते. घाई केल्याचा हा परिणाम, असा तिचा निष्कर्ष आहे.

शाळेच्या वेळात मोठ्याने बोलणे, खेळणे, सबळ कारणावाचून जागेवरून उठणे निषिद्ध होते. परवानगीवाचून अंगणात, बागेत किंवा रस्त्यावर धावणे हा तर मोठाच अपराध. पाच वाजता सर्वांत मोठे भावंड बोलू लागलेल्या सर्वांत धाकट्याला, दुसरे त्याच्या पुढच्याला, अशा जोड्या लावून त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या करारातील एक अध्याय वाचून दाखवी; सकाळी त्याच पद्धतीने स्तोत्रे व जुन्या करारातील अध्याय. दहा मुलांच्या घरात एकटी आई सर्वांना पुरी पडणे शक्य नव्हते. थोरल्याने धाकट्याला शिकवावे, ही तोड त्यातून निघाली. भावंडांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारावयाची नाही, आधी 'भाऊ' किंवा 'बहीण' म्हणावयाचे, हा तेथील नियम दादा-ताई म्हणत वाढलेल्या मराठी वाचकाला परका वाटणार नाही.

या व्यवस्थेवर जॉन लॉक यांच्या १६९३ मधील शिक्षणविषयक ग्रंथाची छाया अभ्यासकांना जाणवली आहे. मुलाच्या इच्छेला लहानपणीच वळण लावणे, रडून मागितलेली वस्तू न देणे, खाण्यापिण्यात साधेपणा राखणे या गोष्टी दोहोंकडे आढळतात. परंतु दोन ठिकाणी वाटा फुटतात. वाचन खेळाच्या रूपाने शिकवावे असे लॉक म्हणतात. एपवर्थला शिकणे हे काम होते, खेळ नव्हता. मुलांनी बायबलचे अध्याय ओळीने वाचून काढावेत, हे लॉक यांना मान्य नाही. एपवर्थची तर सुरुवातच तेथून होते. लॉक यांना एक सुजाण गृहस्थ घडवावयाचा आहे. सुझॅनाबाईंना मुलाचा आत्मा तारावयाचा आहे. दोन्ही पद्धती वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत.

शिस्त आणि तिचे पोटनियम

मुलाचे मन घडवावयाचे तर प्रथम त्याची इच्छा जिंकली पाहिजे, हे सुझॅनाबाईंचे मूलसूत्र. वर्षाचे होताच मुलांना छडीची भीती आणि हळू रडण्याची सवय लावली जाई, असे त्या निःसंकोचपणे लिहितात. आजच्या वाचकाला हे वाक्य टोचते आणि ते टोचावयासच हवे. काळ वेगळा होता, एवढे म्हणून ते बाजूला सारता येत नाही. वर्षाच्या बाळाला स्वतःचे रडणे आवरावयास लावण्याची किंमत त्या बाळाने काय मोजली, याचा पुरावा आईच्या पत्रात मिळणे शक्यही नाही.

तथापि त्याच पत्रात काही पोटनियम आहेत आणि त्यांचा रोख आईच्याच सत्तेला मर्यादा घालण्याकडे आहे. शिक्षेच्या भीतीने मुले खोटे बोलू लागतात, म्हणून जो अपराध प्रांजळपणे कबूल करील आणि सुधारण्याचे वचन देईल त्याला मारावयाचे नाही. एकाच चुकीबद्दल दोनदा शिक्षा नाही. झालेली चूक पुन्हा उकरून काढावयाची नाही. आज्ञा मनापासून पाळल्यास कौतुक करावयाचे. आनंद देण्याच्या हेतूने केलेले काम साधले नाही तरी हेतूचा मान राखावयाचा. एखाद्याची वस्तू टाचणीच्या मोलाची असली तरी दुसऱ्याने तिला हात लावावयाचा नाही, आणि दिलेले वचन मोडावयाचे नाही. शेवटचा नियम मुलींविषयीचा आहे: मुलीला उत्तम वाचता येईपर्यंत शिवणकामाला बसवावयाचे नाही. वाचन पक्के होण्याआधीच सुई हाती दिली जाते, म्हणूनच ऐकण्याजोगे वाचणाऱ्या स्त्रिया इतक्या थोड्या, अशी त्यांची मीमांसा आहे.

संध्याकाळची वाटणी

येथवरचे सर्व नियम सगळ्या मुलांना सारखे आहेत. या शाळेचे खरे वैशिष्ट्य संध्याकाळी दिसते, आणि त्याचा उगम हिंदुस्थानाशी जोडलेला आहे.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूत्शाउ हे दोघे जर्मन मिशनरी १७०६ च्या जुलैमध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरले. आजच्या तमिळनाडूतील हे ठिकाण तेव्हा डॅनिश वसाहत होते. तमिळ शिकणे, मुलांसाठी शाळा काढणे, पुढे तमिळ नवा करार छापणे ही त्यांची कामे भारतीय मुद्रणाच्या व शिक्षणाच्या इतिहासात परिचित आहेत. त्यांच्या पत्रांचे इंग्रजी भाषांतर १७०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. एपवर्थच्या घरात ते वृत्त थोरली मुलगी एमिलिया हिला वडिलांच्या अभ्यासिकेत सापडले आणि तिने आईला वाचून दाखविले. आपण पुरुष नाही, धर्मोपदेशकही नाही. तरी आहोत त्या जागी याहून काही अधिक करता येईल, असा विचार तेव्हापासून मनाने घेतला, असे सुझॅनाबाई १७१२ च्या पत्रात पतीला कळवितात. आरंभ स्वतःच्या मुलांपासून करावयाचे त्यांनी ठरविले. दररोज रात्री सवड काढून एकेका मुलाशी एकांतात बोलावयाचे: सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी म्हणजे जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिलिया व सूकी दोघी मिळून.

ही यादी सावकाश वाचावी. ज्येष्ठ पुत्र सॅम्युएल तेव्हा घराबाहेर शिकत होता आणि केझी अजून तीन वर्षांचीही नव्हती. म्हणून ती दोघे यादीत नाहीत. आठ नावांपैकी सहा मुलींची आहेत. मॉली पंधरा-सोळा वर्षांची, तर चार्ल्स अवघा चार वर्षांचा. म्हणजे ज्याच्या हाती अद्याप अक्षरही द्यावयाचे नाही, त्या मुलालाही आठवड्यातील एक संध्याकाळ हक्काची आहे. मुळाक्षरांना दीड दिवस लावल्यामुळे जिला मंद म्हटले गेले, त्या मॉलीला पहिला वार मिळाला आहे. दिवसाची शाळा मुलांना एका मापाने मोजत असे. संध्याकाळी ते माप बाजूला ठेवले जाई. मोठ्या कुटुंबात सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे आईचे अविभक्त लक्ष. सुझॅनाबाईंनी त्याची वाटणी वेळापत्रकाने केली, आणि त्यामुळे कोणत्याही मुलाला ते लक्ष रडून, आजारी पडून किंवा हुशारी दाखवून मिळवावे लागले नाही.

याचा ठसा किती खोल उमटला, हे जॉनच्या पुढील पत्रावरून कळते. ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झाल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आईकडे त्या जुन्या गुरुवारच्या संध्याकाळीतील थोडा वेळ पत्ररूपाने पुन्हा मागितला. ज्या संध्याकाळने पूर्वी आपली विचारशक्ती घडविली तीच आता अंतःकरण सुधारावयास उपयोगी पडेल, असा त्याचा आशय होता. सहा तासांची शिस्त त्याने मागितली नाही. पुढे १७४८ मध्ये त्याने ब्रिस्टलजवळ किंग्सवुड येथे शाळा काढली. पहाटे चारला उठणे, खेळाला मनाई, सुट्टी नाही असे तेथील नियम होते. घरातील शिस्त त्याला नियमावलीत उतरविता आली; आईची संध्याकाळ कोणत्याही नियमावलीत उतरणे शक्य नव्हते. त्या शाळेविषयीचे असमाधान त्याने पुढे स्वतःच वेळोवेळी व्यक्त केले.

या घरात पाठ्यसाहित्यही आईच लिहीत असे. आगीनंतर दूर गेलेल्या सूकीसाठी १७१० च्या आरंभी तिने प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचे विवरण पत्ररूपाने लिहिले; दहा आज्ञांवर लिहिले; आई आणि एमिलिया यांच्यातील धार्मिक संवादही लिहिला. एरवी स्त्रियांना धर्मशास्त्रावर लिहिण्याची वाट बंद असताना, गृहशिक्षणाच्या निमित्ताने एका स्त्रीला ती उघडता आली.

मुलींच्या वाट्याला आलेले फळ

तिघे मुलगे पुढे लंडनच्या नामांकित शाळांत आणि तेथून ऑक्सफर्डला गेले. सात मुलींपैकी एकीलाही तो मार्ग उपलब्ध नव्हता. एमिलियाने परक्यांच्या घरी व शाळांत शिकवून उपजीविका केली. मॉली १७३४ मध्ये बाळंतपणात वारली. पॅटीचा पती बेइमान निघाला. हेटीची कहाणी सर्वांत दुःखद आहे. बुद्धीने ती भावांहून उणी नव्हती. तिच्या कविता अठराव्या शतकातील नियतकालिकांत छापल्या गेल्या. एका फसलेल्या प्रेमसंबंधानंतर १७२५ मध्ये नळकाम करणाऱ्या एका कारागिराशी तिचा विवाह लावून देण्यात आला. त्या घरी तिच्या वाचनाला किंवा लेखनाला सोबत नव्हती, आणि वडिलांनी तिला अखेरपर्यंत मनाने परत स्वीकारले नाही. झाली चूक पुन्हा उकरून काढावयाची नाही, हा त्या घरातील पोटनियम तिच्या बाबतीत पाळला गेला नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस गृहशिक्षणाची चळवळ वाढली आणि १९९३ पर्यंत तेथील सर्व राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर झाले. तेथील अनेक ख्रिस्ती कुटुंबे सुझॅनाबाईंना आपली पूर्वसूरी मानतात. त्या गौरवात जॉन आणि चार्ल्स यांची नावे साक्षीला असतात. पण मंगळवार हेटीचा होता. पद्धतीचे यश गुरुवार आणि शनिवार यांवरून मोजावयाचे असेल, तर उरलेल्या पाच वारांचाही हिशेब द्यावा लागतो. आईने मुलींना वाचन दिले, विचार दिला, स्वतःची संध्याकाळ दिली. त्या विचाराला घराबाहेर जागा देणे तिच्या हाती नव्हते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

हा मुद्दा आपल्याकडील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे शिक्षणही आईकडून घरीच झाले, तेही शास्त्राध्ययनाच्या हिंदू परंपरेत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल विद्वानांपुढे जाब दिला. लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. रमाबाई आठ वर्षांच्या असल्यापासून सुमारे सात वर्षे आई त्यांना पहाटे, घरकाम सुरू होण्याआधी, शिकवीत असे, हे त्यांच्या १९०७ मधील आत्मनिवेदनावरून कळते. एपवर्थला संध्याकाळ, येथे पहाट. दोन्ही घरांत आईने मुलीसाठी जो वेळ काढला तो दिवसाच्या कडेचा होता, कारण मधला दिवस इतर कामांनी व्यापलेला होता. फरक पुढे पडला. १८७८ मध्ये रमाबाई कलकत्त्याला पोचल्या तेव्हा त्यांची विद्या ऐकून घेणारी सभा तेथे होती; त्या सभेने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. हेटीला अशी सभा मिळाली नाही.

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत घरच्या शिक्षणाचे संदर्भ विपुल आहेत. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये शिकविणारा प्रामुख्याने पती आहे. पंडिता रमाबाईंच्या निवेदनात आई आहे. शिकविणारे कोण, ही नोंद आपण आजवर घेत आलो. त्यापलीकडे जाऊन शिकण्याची वेळ कोणती होती, ती कोणत्या कामातून काढली गेली, भावाच्या आणि बहिणीच्या वाट्याला ती सारखी आली काय, आणि शिकून झाल्यावर त्या मुलीचे ऐकून घेणारे कोणी होते काय, हे प्रश्न या ग्रंथांना विचारावयास हवेत. १७३२ च्या पत्रात सुझॅनाबाई म्हणतात की, आयुष्याच्या ऐन भरातील वीसांहून अधिक वर्षे मुलांसाठी वेचावयास तयार होतील असे लोक फारच थोडे. त्या वर्षांची वारांगणिक नोंद त्यांनी ठेवली, म्हणून त्यांच्या श्रमांचे मोल आज करता येते. ज्या मराठी आयांनी अशी नोंद मागे ठेवली नाही, त्यांच्या पहाटा आणि संध्याकाळी आपल्याला त्यांच्या मुलींच्या लेखनातूनच शोधून काढाव्या लागतील.